आधी पिशवी

‘आधी पिशवी,’ असं आमच्या बाई म्हणायच्या. वर्गात शिरताना म्हणायच्या, प्रयोगशाळेचं कुलूप काढताना म्हणायच्या, कुणी स्वतःचा फोन नुसता टेबलावर ठेवला तरी म्हणायच्या. मुलांनी त्यांचं नावच पिशवीबाई पाडलं होतं. पिशवी करड्या रंगाची, आतून धातूची जाळी विणलेली, तोंड दोनदा दुमडून दाबून बंद करायची. आतल्या फोनला बाहेरचं काही ऐकू येत नाही आणि त्याचं बाहेर कुणाला ऐकू जात नाही. तपासाला आलेला फोन चालू करायचा तो तिच्यातच. ‘बंद फोन म्हणजे झोपलेलं मूल समजा,’ बाई सांगायच्या. ‘उठवायच्या आधी दारं-खिडक्या लावून घ्या. जागं झालं की ते पहिली हाक मारणार, आणि कुणाला मारणार ते तुमच्या हातात नाही. आणि बाहेरून विकत घेतलेले फोन सरावाला आणू नका. खऱ्या माणसांचे असतात ते.’ मी मागच्या बाकावर बसून वहीच्या कोपऱ्यात एक झोपलेलं मूल काढलं आणि शेजारच्या मुलीला दाखवलं. बाईंना मूलबाळ नव्हतं. लेक झोपली की दाराच्या कडीला फडकं गुंडाळून, चपला हातात धरून, श्वास रोखून घरात वावरणाऱ्या मला त्या झोपलेल्या मुलाबद्दल सांगत होत्या, याची मला गंमत वाटली. थोडा रागही आला.

वर्गात मला सगळे काकू म्हणतात. वय काकूचं नाही, पण लॅपटॉपच्या बॅगेत लंगोट आणि बिस्किटाचा पुडा निघाल्यावर मुलं दुसरं काय म्हणणार! मुंगी चालायला लागली तसं मी पुन्हा विद्यापीठात नाव घातलं. मुंगी म्हणजे माझी मुलगी. जमिनीवर पडलेला प्रत्येक कण उचलून तोंडात घालते म्हणून मुंगी. डिजिटल फॉरेन्सिक्स हा विषय ऐकून नवरा म्हणाला, ‘घे की. तसंही तू घरात दुसरं काय करतेस? तपासच.’ खोटं नव्हतं. बाहेर पडताना मी गॅसच्या बटणांचा फोटो काढते. दाराच्या कुलपाचा काढते, इस्त्रीच्या बटणाचा काढते. बसमध्ये बसल्यावर पोटात खड्डा पडतो, तेव्हा फोटो उघडून बघायचा आणि खड्डा बुजवायचा. ‘एवढे फोटो माझे काढले असतेस तर मी नट झालो असतो,’ नवरा म्हणतो. तो माझी थट्टा करतो, पण त्याच्याही फोनवर नकाशात मी ठिपका होऊन दिसते, कुठे आहे, पोचले की नाही. मीच चालू करून दिलंय. त्याला काळजी असते.

खरं सांगायचं तर विभागातल्या सरावाच्या फोनांचा मला कंटाळा आला होता. त्या फोनांत जी माणसं होती ती बाईंनी आणि त्यांच्या मदतनिसांनी बसून तयार केलेली. खोटी नावं, खोटे मित्र, खोट्या मित्रांशी खोटी भांडणं. त्यातला प्रत्येक जण पुसायचं म्हणून जे पुसायचा ते नेमकं आपल्याला सापडावं असंच पुसायचा. कुणी आईला चुकून दोनदा फोन लावत नव्हतं, कुणी खिशात चालू राहिलेल्या कॅमेऱ्यात अंधाराचा फोटो काढत नव्हतं. आणि सत्राचा प्रकल्प तर असा, की यंत्रावरून माणूस उभा करा: फोन कुणाचा, ते माणूस कसं राहतं, कशाला भितं. मला हाडामांसाचं माणूस हवं होतं. पुलाखाली एक दुरुस्तीवाला बसतो, काचेच्या कपाटात मेलेले फोन मांडून. त्याच्याकडून मी एक जुना फोन घेतला, कोपऱ्यात तडा गेलेला, मागे फुलपाखराचा चिकटवलेला कागद. ‘बाईमाणसाचा आहे ताई, जपून वापरलेला,’ तो म्हणाला. ‘कुलूपबिलूप काही नाही. आतलं सगळं तिनं पुसून दिलंय.’ मी मनातल्या मनात हसले. पुसून दिलंय!

पिशव्या प्रयोगशाळेच्या, घरी न्यायला परवानगी नव्हती. बाई म्हणायच्या, अगदीच अडलं तर घट्ट झाकणाचा पत्र्याचा डबा चालतो. डबा होता, पण त्यात बिस्किटं होती, आणि तो रिकामा केला असता तर मुंगीनं घर डोक्यावर घेतलं असतं. मी फोन स्वयंपाकघराच्या ओट्यावर चालू केला. तपासाचा एक छोटा प्रोग्राम त्यात घालायचा होता, त्याला इंटरनेट लागत होतं, मी घरचं वायफाय जोडून दिलं. दाराशी आलेल्याला पाणी द्यावं इतक्या सहज. फोनमध्ये मेमरी कार्ड राहिलं होतं, नखाएवढं, ती बाई ते काढायला विसरली होती. ते मात्र मी रीतसर बाहेर काढलं, लॅपटॉपला लावलं, आणि पुसलेले फोटो एकामागून एक वर यायला लागले, तळ्यातून काहीबाही वर यावं तसे.

पहिला फोटो बघून माझ्या अंगावर काटा आला, पण तो सुखाचा. गॅसची बटणं. चारही बंद. मग दाराची कडी. मग कपाटाचं दार, बंद. खिडकी, बंद. पुन्हा गॅस. शेकड्यांनी. कुठल्यातरी घरात कुणीतरी बाई अगदी माझ्यासारखी, निघताना वळून बघणारी, पोटात खड्डा पडणारी. मी नवऱ्याला हाक मारून दाखवलं. ‘अरे देवा,’ तो म्हणाला, ‘म्हणजे तुम्ही दोघी आहात!’ मला ती बाई एकदम जवळची वाटायला लागली. फोटोत कधी एका लहान मुलीचा हात येई, कधी फ्रॉकची कड. आणि प्रत्येक फोटोत कुठेतरी एक चमचा असे. साधा, स्टीलचा. कधी गॅसच्या कडेला, कधी कडीवर आडवा ठेवलेला, कधी कपाटाच्या मुठीला टेकवलेला, कधी उलटा. पोरगी खेळते चमच्यानं, मी ठरवलं, जिथे जाईल तिथे टाकते. मुंगीही असंच करते, एकदा माझ्या बुटात पळी सापडली होती. शेवटच्या काही फोटोंत स्वयंपाकघर वेगळं होतं, लहान, भिंतीला ओल आलेली, एकच शेगडी. घर बदललेलं दिसतंय. मी प्रकल्पात लिहिलं: फोनची मालकीण नीटनेटकी, जबाबदार, स्वभावानं काळजी करणारी, कुटुंब सुखी, अलीकडे लहान जागेत राहायला गेलेली. लिहून झाल्यावर मला ते माणूस उभं केल्याचा अभिमानही वाटला.

त्यानंतरच्या एका दुपारी तो फोन वाजला. मुंगी झोपली होती, घरात पंख्याचा आवाज, आणि खणातून एकदम किंचाळल्यासारखी धून. त्यात सिमकार्ड नव्हतं. ज्या फोनला नंबरच नाही त्याला कोण फोन करणार? हे मला त्या क्षणी सुचायला हवं होतं. मी हे शिकते, परीक्षेत यावर मला चांगले गुण आहेत. पण मूल झोपलेलं असताना काही वाजलं की आईचा मेंदू बाजूला होतो आणि हात पुढे येतो. मी धावले, खण उघडला, बटण दाबून आवाज बंद केला. कुणाचातरी जुना गजर राहिला असेल, म्हटलं. मुंगी कुशीवर वळली. मी फोन पुन्हा खणात ठेवला, चार्जिंगला लावून, प्रकल्पाची पडद्याची चित्रं घ्यायची होती म्हणून. पुढे बाईंनी विचारलं, ‘बंद तू केलास? बोटानं?’ आणि मान हलवली. फोटो पुसले होते, पण फोनचं खातं आत तसंच होतं; कुठेतरी कुणीतरी आपल्या फोनवरचं हरवलेला फोन शोधायचं बटण दाबून आमच्या वायफायवरून हा फोन वाजवला होता, आणि मध्येच आवाज थांबला, याचा अर्थ तिकडे त्याला कळला होता. तिथे कुणीतरी माणूस आहे. फोन कुठल्या इमारतीत आहे हे त्याला आधीच दिसत होतं.

दुसऱ्यांदा वाजला तेव्हा मी मुंगीला भरवत होते. धून सुरू झाली आणि तिच्या पाठोपाठ दाराची घंटी. दोन्ही आवाज एकदम. मुंगी टाळ्या वाजवायला लागली. दार उघडलं तर चाळिशीच्या आतबाहेरचा एक माणूस, इस्त्रीचा शर्ट, हातात फोन वर धरलेला, जत्रेत हरवलेलं पोर सापडल्यासारखा हसत. ‘ऐकू येतोय बघा,’ तो म्हणाला. ‘खालच्या मजल्यापासून वाजवत आलो. प्रत्येक दाराशी कान दिला. म्हटलं कुणाच्या घरात बोलतोय बघू.’ त्यानं अंगठ्यानं काहीतरी दाबलं आणि आतली धून थांबली. ‘बायकोचा फोन आहे हो. विसराळू आहे फार. कुठे ठेवते, कुणाला देते, पत्ता नाही.’ तो उंबऱ्याच्या आत आला नाही. उभ्या उभ्या पायाच्या बोटानं त्यानं आमच्या चपला सारख्या केल्या, मुंगीचे इवले बूट जोडीनं लावले, टाचा भिंतीकडे. मग माझ्या खांद्यावरून आत बघत म्हणाला, ‘ताई, तुमचं दूध उतू जातंय.’ खरंच जात होतं. ‘जा, बंद करून या. मी थांबतो.’ मी मुंगीला कमरेवर घेऊन आत गेले, गॅस बंद केला, आणि माझा हात सवयीनं फोटो काढायला खिशाकडे गेला. दारातून तो बघत होता. ‘अरे वा,’ तो म्हणाला. ‘तुम्हीपण?’

मग तो बोलला ते सगळं मला शब्दाला शब्द आठवतं, कारण त्यात एकही शब्द वाकडा नव्हता. ‘तिला मीच सवय लावली. निघताना सगळ्याचे फोटो काढून मला पाठवायचे. गॅस, कडी, कपाट. एखादा राहिला की मी काम सोडून घरी यायचो. आणि चमचा. चमचा कुठे ठेवायचा ते मी कळवायचो आयत्या वेळी. नाहीतर कालचाच फोटो आज पाठवेल, हुशार आहे हो.’ तो हसला. ‘काळजी असते. तुमच्या मिस्टरांनाही असेल.’ मी हो म्हटलं. आमच्या प्रयोगशाळेत जप्त केलेल्या वस्तूचा फोटो काढताना तिच्या शेजारी त्या दिवसाची तारीख लिहिलेलं कार्ड ठेवतात, हा फोटो आत्ताचाच आहे हे कळावं म्हणून. ते कार्ड मी स्वतःच्या हातानं कितीदा ठेवलंय. आणि शेकडो फोटोंतला तो चमचा बघून मी काय म्हटलं? पोरगी खेळते. मी तिची भीती बघितली आणि त्या भीतीवर माझं नाव घातलं.

मी खणातला फोन आणून त्याला दिला. लगेच दिला. लोक विचारतात, का दिलास? तुमच्या कमरेवर मूल असू द्या आणि दारात असा शांत माणूस असू द्या, मग सांगा. त्यानं फोन उलटा केला, फुलपाखराच्या कागदावरून अंगठा फिरवला, नखानं कडेची खाच उघडून बघितली. ‘यात कार्ड होतं.’ ‘मला मिळाला तेव्हा नव्हतं,’ मी म्हणाले. कार्ड तिथून चार पावलांवर लॅपटॉपमध्ये होतं, हिरवा दिवा लुकलुकत. त्यानं नखानंच खाच बंद केली. ‘कुठून घेतलात?’ हे मात्र मी सांगितलं. पुलाखाली, दुरुस्तीवाला. तो जावा म्हणून सांगितलं. काहीतरी द्यायलाच हवं होतं आणि यानं कुणाचं काही जात नाही असं मला वाटलं. ‘थँक्यू हं, ताई.’ मुंगीनं न सांगता त्याला टाटा केला. ‘शहाणी आहे,’ तो म्हणाला. ‘आमचीही एवढीच.’

त्या संध्याकाळी नवरा म्हणाला, ‘नवरा-बायकोचं भांडण असेल. सापडला फोन, गेला माणूस, तू दुसऱ्यांच्या घरात कशाला शिरतेस?’ मी म्हटलं, मी शिरलेलीच आहे, फोटो आहेत माझ्याकडे. मी त्याला शेवटचे फोटो दाखवले, लहान स्वयंपाकघराचे. ‘हे बघ, इथेही ती काढतेय. पाठवायचं कुणाला? पळून आलीय ना! फोनला नेटही दिलं नसणार हिनं. तरी काढतेय. चमचापण ठेवतेय, कुणी न सांगता.’ तो वाकून बघत होता. एकेक करत आम्ही अगदी शेवटच्या फोटोपर्यंत आलो. एकच शेगडी, तिचं बटण बंद, मागे उघडी खिडकी. आणि चमचा नाही. मी मोठा करून बघितला, कोपरे बघितले, ओट्याखालचा अंधार उजळून बघितला. नाही. त्या सकाळी ती चमचा ठेवायला विसरली होती, किंवा हात पुढे झाला आणि तिनं तो मागे घेतला. बहुतेक त्याच दिवशी तिनं फोन विकला असणार. नवऱ्यानं फोटो पुन्हा एकदा मोठा केला. मग म्हणाला, ‘खिडकी मात्र उघडी ठेवलीय हिनं.’

सकाळी मी मुंगीला घेऊन पुलाखाली गेले. दुरुस्तीवाला मला बघून खूष झाला. ‘येऊन गेले हो ते! तुम्ही पाठवलंत म्हणाले. माणूस रडला माझ्यासमोर, डोळ्यांत पाणी. बायको पोरीला घेऊन निघून गेली म्हणे, डोक्यावर परिणाम झालाय तिच्या.’ मी विचारलं, तुम्ही काय सांगितलंत? ‘मी? मी पत्ता दिला नाही हां, मला ठाऊकच नाही. असा कुणाला कुणाचा पत्ता देतो का मी?’ तो दुखावल्यासारखा झाला. ‘एवढंच म्हटलं, की पोरीला घेऊन सकाळची इथनं बसला जाते. पोरीच्या पायात ते दिवे लागणारे बूट असतात ना, पाय आपटला की चमकणारे, ते. म्हटलं बुटांवरून ओळखाल.’ त्यानं घड्याळाकडे बघितलं, मग रस्त्याकडे. ‘आज काही गेली नाही अजून.’ मी दुपारपर्यंत तिथे उभी राहिले. मुंगी कंटाळली, रडली, झोपली. कितीतरी बायका पोरींना घेऊन गेल्या. प्रत्येकीच्या पायांकडे मी बघत होते, आणि मध्येच लक्षात आलं की पलीकडच्या फुटपाथवर उभं राहून आणखी कुणी हेच बघत असेल.

ती दुसऱ्या दिवशी गेली नाही. त्यानंतरही नाही. दुरुस्तीवाला म्हणतो, रस्ता बदलला असेल. असेलही. चौकीवरचा हवालदार चांगला होता, त्यानं मुंगीला बसायला खुर्ची दिली. ‘हरवलंय कोण?’ माहीत नाही. ‘नाव?’ माहीत नाही. ‘तुमच्या कोण?’ कुणी नाही. ‘तो माणूस काय म्हणाला तुम्हाला? धमकी? शिवीगाळ?’ थँक्यू म्हणाला. हवालदारानं पेन खाली ठेवलं. ‘मॅडम, फोन त्याच्या बायकोचा, तो घेऊन गेला. तुमच्याकडे तिचं कार्ड आहे. तक्रार करायची तर त्यानं तुमच्याविरुद्ध करायची.’ बाईंकडे गेले तेव्हा वाटलं होतं त्या झापतील. झापलं नाही. सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, ‘कार्ड नव्हतं असं सांगितलंस तू?’ हो. ‘त्यानं खाच बघितली?’ हो. ‘म्हणजे कार्ड तुझ्याकडे आहे हे त्याला माहीत आहे.’ मग त्यांनी खणातून एक करडी पिशवी काढली आणि सही न घेता माझ्यासमोर ठेवली.

कार्ड आता त्या पिशवीत आहे, जरी कार्डाला पिशवीची काही गरज नसते. मी गॅसचे फोटो काढणं बंद केलंय. पोटातला खड्डा तसाच घेऊन बसमध्ये बसते. एकदा नुसतं बघावं म्हणून मी माझा ठिपकाही बंद केला. नवऱ्याचा फोन लगेच आला, ‘अगं, गायब झालीस की! कुठे आहेस?’ हसतच विचारलं त्यानं. मी स्वयंपाकघरात होते. सांगितलं, आणि फोन ठेवला. दाराशी जाताना हल्ली मी आधी चपला बघते. त्या दोनदा मला जोडीनं लावलेल्या दिसल्या, टाचा भिंतीकडे. मुंगी शिकली असेल म्हणा. तिनं बघितलं होतं त्याला.

शेवटच्या फोटोतल्या उघड्या खिडकीतून समोरच्या भिंतीचा तुकडा दिसतो. त्यावर दातांच्या डॉक्टरची पाटी आहे, हसणारा दात, हातात ब्रश घेतलेला, एक डोळा पावसापाण्यानं उडालेला. पुलाच्या आसपासच्या सगळ्या गल्ल्या मी मुंगीची ढकलगाडी घेऊन पालथ्या घातल्या. तो दात मला सापडला नाही. पण तुमच्या खिडकीतून दिसत असेल. तुम्ही रोज चहा पिताना त्याच्याकडे बघत असाल. तुमच्या जिन्यात अलीकडे कुणी बाई राहायला आली असेल, फार न बोलणारी, बरोबर मुलगी, पायऱ्या उतरताना बुटांत दिवे लागणारी. तर आज एकदा जाऊन या. काहीतरी मागायला म्हणून जा, साखर मागा, काडेपेटी मागा. घंटी वाजवू नका. हाक मारा, शेजारची आहे म्हणून सांगा. ती दार उघडायला वेळ लावेल, थांबा. आणि दार त्यानं उघडलं, इस्त्रीच्या शर्टानं, हसून, सगळं ठीक आहे म्हणाला, साखरही दिली, तरी तेवढ्यावर मागे फिरू नका. त्याच्या खांद्यावरून आत ओट्याकडे बघा, चमचा कुठे आहे. आणि तिला बाहेर बोलवा. ती आणि पोरगी दोघी समोर येऊन उभ्या राहीपर्यंत दारातून हलू नका.